मीच मला दिलेली परवानगी

प्रति,
रेडिओ परवान्याचे नवे नियम ज्यांच्या टेबलावर आहेत ते सर्व अधिकारी,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात रत्नागिरीहून मिनिकॉयला जाताना तिसऱ्या संध्याकाळी मी होडीच्या केबिनमध्ये बसून बायकोचा आवाज ऐकत होतो. ती माझ्याशी बोलत नव्हती. अंगणातल्या आंब्यापासून गच्चीच्या कठड्यापर्यंत ताणलेल्या तारेवरून ती कोचीच्या एका हॅमशी, म्हणजे परवाना काढलेल्या हौशी रेडिओवाल्याशी, बोलत होती. त्याने विचारलं, होडीची काही खबर? ती म्हणाली, "नाही अजून. परवा पोचायला हवेत." आवाज इतका स्वच्छ होता की मागे आमच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मंगळूर पूर्वेला शंभरेक मैलांवर होतं आणि घर अडीचशे मैल मागे. माझ्यासमोर 100 वॉटचा रेडिओ चालू होता, डोलकाठीच्या मागच्या तारेला जोडलेला. एक वाक्य बोललो असतो तर त्या घरातली रात्र बरी गेली असती. पण माईक मी निघायच्या आदल्या दिवशी काढून ड्रॉवरमध्ये कुलपात टाकला होता. लक्षद्वीपचा प्रवेश परवाना माझ्याकडे होता, हॅमचाही होता. फक्त हॅमच्या परवान्यावर पत्ता घराचा आहे, होडीचा नाही.

कुलूप कुणी लावायला सांगितलं नव्हतं. मोह होऊ नये म्हणून मीच लावलं.

तक्रार करायला हे पत्र लिहीत नाही. 1885 चा तार कायदा आणि 1933 चा बिनतारी कायदा बाजूला सारून 2023 चा दूरसंचार कायदा आला आणि त्याखालचे नियम टप्प्याटप्प्याने बदलताहेत. कागद ओला आहे तोवर माझ्यासारख्या चार-दोन होडीवाल्यांचं म्हणणं त्यावर उमटावं, एवढ्यासाठी लिहितो आहे.

आधी आमच्या हातात काय काय असतं ते सांगतो. किनारा दिसतो तोवर मोबाइल. पुढे व्हीएचएफ रेडिओ, हाकेचा चॅनल 16. व्हीएचएफच्या लहरी सरळ जातात; पृथ्वीची गोलाई मधे आली की संपलं. अँटेना डोलकाठीच्या टोकाला असली तरी दुसऱ्या होडीशी पंधरा-वीस सागरी मैल, किनाऱ्यावरच्या उंच मनोऱ्याशी पंचवीस-तीस. तटरक्षक दलाचा 1554 नंबर उत्तमच आहे, पण तो फिरवायला मोबाइलला रेंज लागते. मग उरतं ते इपर्ब. कळ दाबली की 406 मेगाहर्ट्झवर हाक जाते, उपग्रहामार्फत बंगळूरच्या इस्रो केंद्रात पोचते आणि तिथून तटरक्षक दलाकडे. प्रत्येक होडीवर ते असलंच पाहिजे, माझ्याकडे आहे. पण इपर्बला एकच वाक्य येतं: आम्ही बुडतोय. "वारा पडलाय, दोन दिवस उशीर होईल, काळजी नसावी" हे त्याला सांगता येत नाही. आणि समुद्रात शंभरातल्या नव्याण्णव वेळा सांगायचं असतं ते हेच. ते सांगता आलं नाही की घरचे घाबरून फोन करतात आणि तटरक्षक दलाचं विमान धडधाकट होडी शोधायला निघतं.

सॅटेलाइट फोन घ्या, असं परदेशातले मित्र पटकन सांगतात. त्यांना मीच समजावतो की थुराया किंवा इरिडियम परवानगीशिवाय भारतात नुसतं जवळ बाळगलं तरी गुन्हा आहे. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला गार्मिनचं इनरीच हे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र जवळ सापडल्यामुळे ताब्यात घेतलं होतं. त्याच्या काही दिवस आधी अंदमानजवळ तटरक्षक दलाने अमली पदार्थांनी भरलेली होडी पकडली, तिच्यावर स्टारलिंकचा संच निघाला. आणि 26 नोव्हेंबर 2008 ला "कुबेर" होडीवरून मुंबईत कोण आले आणि त्यांच्याजवळ काय होतं, हे कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्याला कुणी सांगायला नको. त्यानंतरची दोन वर्षं आम्ही खाडीच्या तोंडाशी गेलो तरी कागद दाखवत होतो. तेव्हा सॅटेलाइट फोनवरच्या बंदीशी माझं भांडण नाही. बीएसएनएलकडून रीतसर परवानगी काढून इन्मारसॅटचा फोन घेता येतो, तोही ज्याला जमेल त्याने घ्यावा. पण फोन एका नंबरला लागतो. व्हीएचएफच्या टप्प्यापलीकडून जाणाऱ्या जहाजाचा नंबर मला कुठून माहीत असणार?

म्हणून शॉर्टवेव्ह, होडीवाल्यांच्या भाषेत एचएफ किंवा एसएसबी. ज्यांनी लहानपणी रात्री रेडिओ सिलोन ऐकलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. लहर वर जाते, आयनांबरावर आपटून शेकडो मैल दूर उतरते. मधे उपग्रह नाही, कंपनी नाही, महिन्याचं बिल नाही. 4 मेगाहर्ट्झ रात्री जवळपासच्या तीन-चारशे मैलांना, 8 हा बारमाही कामाचा घोडा, 12 आणि 16 दिवसा लांबच्या मजलेला. 2182, 4125, 6215, 8291 किलोहर्ट्झ या संकटाच्या ठरलेल्या जागा. एकजण बोलला की पाच होड्या, दोन मालवाहू जहाजं आणि किनाऱ्यावरचा एखादा निवृत्त मास्तर ऐकतो. हवं तर आपणही ऐका. नव्हे, आपण ऐकावंच, असं मला वाटतं. पुढे त्यावर येतो.

रेडिओ निवडताना दोन वाटा फुटतात आणि इथेच आपला नियम माणसाला चुकीच्या वाटेला लावतो. एक सागरी संच: 150 वॉट, मान्यताप्राप्त, चॅनलचे आकडे ठरलेले, डिजिटल हाकेची लाल कळ. अंधारात, ओल्या हाताने, उलटीच्या भरात, ज्याला रेडिओतलं काही कळत नाही अशा माणसालाही तो वापरता आला पाहिजे, या हिशेबाने बनवलेला. आयकॉमचा एम802 जगभरच्या शिडाच्या होड्यांवर दोन दशकं दिसतो आहे तो याच कारणाने. शिवाय तो हॅमच्या पट्ट्यांवरही बोलतो. दुसरा हॅमचा संच: 100 वॉट, बराच स्वस्त, बटणांची जत्रा, आणि सागरी पट्ट्यांवर कारखान्यातूनच मुका केलेला. आतला एक डायोड कापला की त्याला वाचा फुटते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कापू नये, हेही सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तो संच सागरी पट्ट्यांसाठी तपासलेला नसतो. कुणीही मला विचारलं तर मी सांगेन: सागरी संच घ्या, एकाच डब्यात दोन्ही होतं. मी स्वतः मात्र हॅमचा घेतला. सागरी संच चालवायचा परवाना मला मिळेना, हे एवढंच कारण.

बसवण्याचं काम आम्हीच केलं. डोलकाठीला मागून ताणून धरणारी पोलादी तार, बॅकस्टे, तिचा वरचा आणि खालचा तुकडा इन्सुलेटर घालून वेगळा करायचा आणि मधल्या अकरा मीटरची अँटेना करायची. धडधाकट तार कापायला घेतली तेव्हा माझ्याबरोबरचा मिस्त्री दहा मिनिटं करवत हातात घेऊन नुसता उभा होता. "साहेब, ह्या तारेवर काठी उभी हाय." त्याचं बरोबर होतं. मग तांब्याची पट्टी, तीन इंच रुंद, बिछान्याखालून, पाण्याच्या टाकीमागून, कीलच्या, म्हणजे होडीच्या तळच्या कण्याच्या, बोल्टांपर्यंत. रेडिओला समुद्र हीच जमीन, म्हणजे अर्थिंग. तार रेडिओशी जुळवून देणारा ट्यूनर पहिल्यांदा जुळला तेव्हा आतले रिले मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसे तडतडले आणि थांबले. जोरात बोललं की बॅटरीतून वीस-बावीस अँपिअर ओढले जातात; केबिनचा दिवा शब्दागणिक मंद होतो. ही चाचणी बंदरात नाही, घरच्या परसात होडी ट्रेलरवर असताना, घरच्या पत्त्याच्या परवान्यावर केली. शेजारी गच्चीवर खुर्च्या टाकून बसले होते.

आता परवाने. हॅमची परीक्षा मी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी दिली, जनरल ग्रेड. तेव्हा मिनिटाला 8 शब्दांचं मोर्स लागत होतं. मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती 2003 मध्येच उठली, अमेरिकेने 2007 मध्ये काढून टाकली. पण मला ते शिकताना मजा आली, त्याबद्दल कुरकुर नाही. बायकोने रिस्ट्रिक्टेड ग्रेड काढला. त्यात 50 वॉट मिळतात, रत्नागिरीहून मिनिकॉयला पुरेसे. वीस वर्षांची फी हजार रुपये. इतकं स्वस्त सरकारी काम मी दुसरं पाहिलेलं नाही. आमच्या लहानपणी साधा रेडिओ ऐकायला पोस्टात जाऊन लायसन्सच्या पुस्तकात दरवर्षी तिकीट लावून आणावं लागे, तिथून इथवर आलो हे मला मान्य आहे.

हॅम परवाना समुद्रावर न्यायचा तर 1978 च्या हौशी सेवेच्या नियमांत वाट आहे. भारतात नोंदलेल्या जहाजावरून खास परवानगीने स्टेशन चालवता येतं. त्यासाठी जहाजाच्या कप्तानाची लेखी संमती लागते. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मालवाहू जहाजावरचा एखादा हौशी थर्ड ऑफिसर असणार, आणि त्याच्यासाठी अट अगदी रास्त आहे. माझ्या होडीचा मालक मी, कप्तान मी, बहुतेक वेळा खलाशीही मीच. मी मला पत्र लिहिलं: "या होडीचे मालक यांस त्यांचे हौशी रेडिओ केंद्र होडीवर चालवण्यास माझी, या होडीच्या कप्तानाची, संमती आहे." खाली मालकाची पोच घेतली. दोन्ही सह्या सारख्या दिसतात हे एका कार्यालयातल्या साहेबांनी बरोबर हेरलं. पण फाइल अडली ती त्याच्यावर नाही. तेहतीस फुटी होडीला जहाज म्हणायचं का, या प्रश्नावर ती अकरा महिने बसली आहे. कुणी वाईट वागलं नाही, चहाही मिळाला. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

आणि हॅम मिळालं तरी ते पुरेसं नाही. त्यावर धंद्याचं बोलता येत नाही, आणि शेजारून जाणाऱ्या जहाजाशी बोलायचं म्हटलं तर ते सागरी पट्ट्यांवर असतं, हॅमच्या नाही. सागरी बाजूला चौकशी केली तर वाट निघते ती जीएमडीएसएसच्या जनरल ऑपरेटर प्रमाणपत्राची, म्हणजे मोठ्या जहाजावरच्या अधिकाऱ्याच्या परीक्षेची. एका प्रशिक्षण संस्थेत फोन केला. पहिला प्रश्न: इंडॉस नंबर काय? मी म्हटलं, मी व्यावसायिक खलाशी नाही. दुसरा प्रश्न: मग तुम्हाला हे कशाला हवंय? पलीकडचा मुलगा खरोखर गोंधळला होता. त्या अभ्यासक्रमात इन्मारसॅट-सी येतं, टेलेक्स येतं, रडार ट्रान्सपाँडर येतो. उत्तम आहे; तेलवाहू जहाजासाठी.

2019 मध्ये मी मित्राच्या होडीवर गालेहून सेशेल्सला गेलो. होडी ब्रिटनची नोंदणी असलेली. त्याचा होडीचा रेडिओ परवाना त्याने घरी बसून ऑनलाइन काढला होता, फुकट. त्यात व्हीएचएफ, एआयएस (होडीची ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र), इपर्ब, एचएफ, सगळं एका कागदावर. आणि माणसाचं वेगळं प्रमाणपत्र, लाँग रेंज सर्टिफिकेट. युरोपात हे खास अशा लोकांसाठी ठेवलेलं आहे ज्यांच्यावर रेडिओ ठेवायची कायद्याची सक्ती नाही पण ज्यांना किनारा सोडून दूर जायचंय. अमेरिकेत तर आवाजी रेडिओसाठी माणसाचा परवाना परीक्षेशिवाय, आयुष्यभरासाठी मिळतो. ते मला जरा जास्तच ढिलं वाटतं, युरोपचं मधलं माप बरं.

त्या प्रवासात रोज सकाळी 8294 किलोहर्ट्झवर सात होड्या जमत. नाव, अक्षांश-रेखांश, वारा, सगळे ठीक? नऊ मिनिटांत संपायचं. तिसऱ्या दिवशी माझी पाळी होती. मी कळ दाबून "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि होडी गर्रकन तीस अंश उजवीकडे वळली. चहाचं आधण मित्राच्या पायजम्यावर. रेडिओच्या लहरी ऑटोपायलटच्या वायरीत घुसल्या होत्या आणि त्या बिचाऱ्याला वाटलं, सुकाणू फिरवायचा हुकूम आला. दोन फेराइटचे मणी वायरीवर चढवले तेव्हा थांबलं. पाचव्या दिवशी एका होडीने सांगितलं की पाणी उपसायच्या पंपाचा पडदा फाटलाय. दुसरीकडे जादा पडदा होता. दोघींनी आपापला मार्ग थोडा वाकवला आणि संध्याकाळी दोरीला डबा बांधून तो पार झाला. कुणीही संकटाची कळ दाबली नाही. कोणत्याही देशाच्या तटरक्षक दलाला याचा पत्ताही लागला नाही.

दूरवरच्या होडीला वाचा हवी हे सरकारला पटलेलं आहे, हे मी जाणतो. 2017 च्या ओखी वादळात केरळ-तमिळनाडूचे खोल समुद्रातले मच्छीमार कुणाच्याच हाकेच्या टप्प्यात नव्हते. वादळाची बातमी किनाऱ्यावर होती, होड्यांवर नव्हती. शेकडो माणसं परतली नाहीत. केरळच्या 66 आणि तमिळनाडूच्या 2 होड्या, 952 माणसं, भरकटत आपल्या सिंधुदुर्गाला लागली. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरला पंतप्रधानांनी एक लाख मासेमारी होड्यांना उपग्रहाचे ट्रान्सपाँडर द्यायची योजना सुरू केली. दोन्ही बाजूंनी संदेश जातो, इस्रोचं तंत्र. मिरकरवाड्याच्या एका तांडेलाने केबिनच्या छतावरचा तो डबा मला कौतुकाने दाखवला. मी म्हटलं, मला मिळेल का? तो हसला. "एक जाळं टाका होडीवर. मासे नाय गावले तरी चालतात."

आता सुरक्षेचं. सॅटेलाइट फोनची भीती मला कळते: तो कुठे बोलतो ते आपल्याला ऐकू येत नाही. एचएफचं नेमकं उलटं आहे. मी 8 मेगाहर्ट्झवर जे बोलेन ते अर्धा हिंदी महासागर ऐकेल. कोण बोलतंय त्याची दिशा काढता येते. हॅम पट्ट्यांवर सांकेतिक भाषेला मुळातच बंदी आहे. ज्याला काही लपवायचंय तो चारचौघांत ओरडायचं यंत्र घेणार नाही. दूरच्या संपर्काची जी साधनं आहेत त्यांतलं सगळ्यात उघडं साधन आपण सगळ्यात अवघड करून ठेवलंय. होडीवरून रेडिओने ई-मेल पाठवायची सोय आहे, हॅमसाठी विनलिंक, सागरी परवानाधारकांसाठी सेलमेल. तिच्याबद्दल शंका असेल तर ती वगळा. आवाजापुरतंच द्या. ई-मेलसाठीचा मोडेम तसाही जवळजवळ रेडिओच्याच किमतीचा येतो.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. लहान होडीसाठी लांब पल्ल्याचं एक प्रमाणपत्र असावं, तीन-चार दिवसांचा अभ्यास आणि परीक्षा, मुंबई, गोवा, कोची, चेन्नई अशा ठिकाणी. त्यात मे-डेचा, म्हणजे संकटाच्या हाकेचा, मसुदा पाठ करून घ्या, वेळ पाहून पट्टा निवडायला शिकवा, आणि ऑटोपायलटचंही सांगा. होडीला एकच परवाना असावा, ज्यावर व्हीएचएफ, एआयएस, इपर्ब, एचएफ आणि 419 ने सुरू होणारा एमएमएसआय, म्हणजे होडीचा रेडिओवरचा ओळख क्रमांक, असे सगळे असतील. फी घ्या, आमचं काही म्हणणं नाही. दरवर्षी संच तपासायला माणूस पाठवा, त्याला आम्ही मासे खाऊ घालू. आणि 1978 च्या त्या वाटेत फक्त एक वाक्य वाढवा: मालक आणि कप्तान एकच असेल तर वेगळ्या संमतीची गरज नाही, आणि होडी किती फुटांची आहे याने फरक पडत नाही.

नौदलाच्या "म्हादेई"वरून कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकटे जग फिरून आले. होडी गोव्यात, दिवाडीला बांधलेली. तेव्हापासून "तारिणी"वरच्या मुलींपर्यंत, दरवेळी आपण टाळ्या वाजवल्या. या होड्यांमागे नौदल उभं होतं, रेडिओचा कागद कुठल्या टेबलावर अडेल हा प्रश्न त्यांना पडला नसेल. आता त्या पाहून खाजगी माणसं होड्या घेऊ लागली आहेत. मला दर महिन्याला कुणी ना कुणी फोन करून विचारतं, कोणता रेडिओ घेऊ. मी संच सांगतो. पुढचा प्रश्न परवान्याचा येतो आणि मग आम्ही दोघंही हवामानावर बोलू लागतो.

संकटात असलेल्या स्टेशनने हाताशी असेल ते कोणतंही साधन वापरावं, त्याला कुठलाच नियम आड येत नाही, असं आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे बुडताना मला ड्रॉवर उघडता येईल. ड्रॉवरची किल्ली कुठे आहे ते मी सोबतच्या पोराला दाखवून ठेवलंय.

मिनिकॉयला आम्ही ठरल्या दिवशीच पोचलो. धक्क्यावर मोबाइलला रेंज आली तेव्हा घरी फोन केला. बायको म्हणाली, "मी रोज सात वाजता बोलत होते, ऐकलंस का?" म्हटलं, ऐकलं, कुकरसुद्धा ऐकला. काही क्षण ती गप्प होती. मग म्हणाली, "मग एकदा तरी खाकरायचंस."

नारळी पौर्णिमा झाली की होडी पुन्हा पाण्यात जाईल. या खेपेला मालेपर्यंत जायचा विचार आहे, मुंबईपासून धरलं तर सुमारे नऊशे मैल. तोवर फाइलवरच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर बरं. होकार किंवा नकार, दोन्ही चालेल.

आपला,
एक होडीवाला, रत्नागिरी

सोबत: कप्तानाने मालकास दिलेलं संमतिपत्र, एक प्रत. या वेळी सह्या वेगवेगळ्या पेनांनी केल्या आहेत.